शेवटच्या रांगेतून मैदान कसे दिसते?

व्हॉलीबॉलचा सामना रंगात आला आहे. जोराचा स्मॅश बसतो आणि चेंडू मागच्या रेषेजवळ आदळतो. रेषापंच निशाण खाली करून 'आत' अशी खूण देतो. त्याच क्षणी प्रेक्षकांतील निम्मे लोक 'आत, आत' म्हणून ओरडतात आणि निम्मे 'बाहेर, बाहेर' म्हणून. प्रत्येक जण आपापल्या संघाची बाजू घेतो, हे तर खरेच. परंतु दुसरीही एक गोष्ट खरी आहे. यांपैकी पुष्कळांना चेंडू रेषेवर पडला की पलीकडे, हे दिसलेलेच नसते, आणि त्यांना ते दिसणे शक्यही नसते. असे का होते? आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही खेळ नीट दिसावा म्हणून मैदान, रेषा, जाळे, चेंडू व दिवे यांची योजना कशी करतात? हे सर्व आपल्या शालेय भूमितीच्या आणि प्रकाशाच्या धड्यांतूनच समजून घेता येते.

रेषा बारीक का होते?

व्हॉलीबॉलचे मैदान १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद असते. त्याच्या रेषांची रुंदी ५ सेंटिमीटर ठरलेली आहे. आता वहीवर एक जाड रेषा काढा आणि वही डोळ्यांसमोर उभी धरा. मग ती हळूहळू आडवी करीत डोळ्यांच्या पातळीत आणा. तुमच्यासमोर आडवी असलेली रेषा बारीक बारीक होत शेवटी नाहीशी होईल. वही जितकी कलंडते तितकी रेषेची दिसणारी रुंदी घटते. किती घटते? पाहण्याच्या कोनाच्या ज्येने, म्हणजे 'साइन'ने, खऱ्या रुंदीला गुणले की दिसणारी रुंदी मिळते.

आता दोन प्रेक्षक घ्या. दोघेही रेषेपासून २० मीटर दूर आहेत. पहिल्याचे डोळे जमिनीपासून २ मीटर उंच आहेत, दुसऱ्याचे १० मीटर. पहिल्याच्या दृष्टिरेषेचा जमिनीशी होणारा कोन जेमतेम ६ अंशांचा. त्याची ज्या ०.१. म्हणून ५ सेंटिमीटरची रेषा त्याला केवळ ५ मिलिमीटर रुंद भासते. दुसऱ्याचे रेषेपासूनचे अंतर पायथागोरसच्या सिद्धांताने २२.४ मीटर होते, म्हणजे तो अधिक दूर आहे. पण त्याच्या कोनाची ज्या ०.४५ असल्यामुळे त्याला तीच रेषा २२ मिलिमीटर रुंद दिसते.

निरोगी डोळा साधारणपणे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या अंतरावरच्या दोन खुणा वेगवेगळ्या ओळखू शकतो. २० मीटरवर एक कला म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर. पहिल्या प्रेक्षकाच्या डोळ्यात रेषेची रुंदी एक कलाही भरत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यात ती साडेतीन कला भरते. पहिल्याला रेषा आहे एवढे कळेल, कारण उजळ पार्श्वभूमीवरची तार किंवा केस एका कलेहून बारीक असले तरी दिसतात. परंतु चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये बोटभर फट होती की नव्हती, हे तो सांगू शकणार नाही. तेव्हा दूरची पण उंच बैठक कित्येकदा जवळच्या सखल खुर्चीपेक्षा चांगली ठरते.

मग जमिनीवरच उभ्या असलेल्या रेषापंचाला कसे दिसते? तो ज्या रेषेवर नजर ठेवतो त्या रेषेच्याच वाढविलेल्या भागावर, मैदानाच्या कोपऱ्यापासून १ ते ३ मीटरवर उभा असतो. वही आडवी धरण्याचा प्रयोग पुन्हा करा, पण या वेळी रेषा तुमच्याकडून समोर जाणारी ठेवा. तिची लांबी आखडेल, पण रुंदी मुळीच कमी होणार नाही! नजरेच्या दिशेतले अंतर आखडते. त्याला काटकोनात असलेले आखडत नाही. म्हणून रेषेच्या टोकाशी उभ्या असलेल्या पंचाला चेंडू व रेषा यांमधली फट पूर्ण दिसते. त्याच्याशी वाद घालण्यापूर्वी आपण कोठे बसलो आहोत हे पाहणे बरे.

खासबागेची बशी

उंच बैठकीचा हा गुण कोल्हापूरकरांना नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेले आणि १९१२ साली पूर्ण झालेले खासबागचे कुस्ती मैदान पाहा. मध्ये लाल मातीचा आखाडा आणि सभोवती चढत गेलेली बैठक, असा त्याचा आकार एखाद्या खोलगट बशीसारखा आहे. १९०२ मध्ये महाराज युरोपात गेले असता रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. हजारो माणसे बसली तरी मागच्याला पुढच्याच्या फेट्याआडून मान वाकडी करावी लागू नये, हे या आकारामागचे मर्म आहे.

ही चढण किती असावी याचा हिशेब समरूप त्रिकोणांनी करता येतो. व्हॉलीबॉलचेच उदाहरण घेऊ. पहिल्या रांगेतला प्रेक्षक बाजूच्या रेषेपासून ५ मीटरवर बसला आहे आणि त्याचे डोळे १.२० मीटर उंचीवर आहेत. डोळ्यांपासून डोक्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर १२ सेंटिमीटर धरू. मागच्या प्रेक्षकाची दृष्टिरेषा या माथ्यावरून, म्हणजे १.३२ मीटर उंचीवरून जाऊन मैदानाच्या रेषेला भिडली पाहिजे. रांगांमध्ये ८० सेंटिमीटर अंतर असेल तर दुसरा प्रेक्षक ५.८० मीटरवर आहे. म्हणून त्याच्या डोळ्यांची उंची

१.३२ × ५.८० ÷ ५ = १.५३ मीटर

असावयास हवी. म्हणजे दुसरी पायरी ३३ सेंटिमीटरची. हाच हिशेब पुढे चालविला तर नंतरच्या पायऱ्या ३५, ३६, ३८, ३९ सेंटिमीटर अशा येतात. पायऱ्या सारख्या उंचीच्या असून चालत नाहीत. मागे जावे तसतशी चढण वाढत गेली पाहिजे. सर्व डोळ्यांना जोडणारी रेषा सरळ न येता वर वळणारी येते. बशीची कड वर का वळते ते आता ध्यानात आले असेल! स्कॉटलंडचे अभियंता जॉन स्कॉट रसेल यांनी १८३८ मध्ये सभागृहांच्या बैठकीसाठी हा विचार प्रथम मांडला. कालव्यातल्या एका एकाकी लाटेचा घोड्यावरून पाठलाग करून तिचा अभ्यास करणारे तेच हे रसेल.

कुस्ती आणि व्हॉलीबॉल यांत एक फरक मात्र आहे. कुस्तीची जोड आखाड्यात सर्व बाजूंनी फिरते, म्हणून गोल मैदान तिला शोभते. व्हॉलीबॉलच्या मैदानाचे जाळ्याने दोन भाग होतात. लांब बाजूला बसणाऱ्याला चेंडूची ये-जा दिसते, तर टोकाकडे बसणाऱ्याला खेळाडूंची मांडणी. म्हणूनच चित्रवाणीचा एक कॅमेरा बाजूला उंचावर, तर दुसरा मैदानाच्या टोकामागे उंचावर ठेवतात.

रंग वेगळा, तरी दिसेना

कोन साधला तरी काम संपत नाही. रेषा जमिनीवर उठून दिसली पाहिजे. येथे पुष्कळांची समजूत अशी असते की रंग वेगळा असला म्हणजे झाले. ही समजूत अपुरी आहे.

कृष्णधवल चित्रवाणीच्या काळी रंगाचे रूपांतर करड्या छटेत करताना पांढऱ्याला १०० गुण दिले, तर शुद्ध तांबड्याला ३०, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ असा हिशेब धरीत. आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ व निळा सर्वांत मंद वाटतो, त्यावरूनच हे आकडे आलेले आहेत. आता तांबडी रेषा गडद हिरव्या जमिनीवर ओढली असे समजा. गडद हिरव्याचे तेज निम्मे धरले तर त्याचे गुण ढोबळमानाने ३०, आणि तांबड्याचेही ३०. कृष्णधवल पडद्यावर ही रेषा गायबच होणार!

भारतात १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या वर्षी, रंगीत चित्रवाणी आली. म्हणून हा प्रश्न मिटला असे समजू नका. रंगीत चित्रातही बारीक तपशील उजेड-अंधाराच्या संकेतातून येतात. रंगाचा संकेत त्यामानाने जाडाभरडा असतो. आपल्या डोळ्याचीही रीत हीच आहे.

व्हॉलीबॉलच्या नियमांत याची दखल घेतलेली दिसते. रेषा फिक्या रंगाच्या आणि जमिनीहून व इतर रेषांहून निराळ्या असाव्यात, असा नियम आहे. जागतिक सामन्यांत त्या पांढऱ्याच लागतात. शिवाय मैदान एका रंगाचे आणि भोवतालची मोकळी जागा दुसऱ्या रंगाची असावी लागते. पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २००९ मध्ये एकवीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा झाली. तिच्यासारख्या स्पर्धांना हाच दंडक असतो. नारिंगी मैदान व निळा किंवा हिरवा परिसर अशी जोडी तुम्ही पाहिली असेल. वरच्या हिशेबाने नारिंगीला सुमारे ६० गुण, निळ्याला ११ आणि पांढऱ्या रेषेला १०० मिळतात. तिन्हींत भरपूर अंतर आहे. मैदान कोठे संपले हे रेषा न पाहताही कळते.

पिवळा-निळा चेंडू आणि काळे जाळे

पूर्वी चेंडू पांढरा असे. १९९८ पासून मोठ्या सामन्यांत रंगीत चेंडू आला. आज पिवळा-निळा चेंडू सर्रास दिसतो. पिवळ्याचे गुण ८९, निळ्याचे ११. नारिंगी जमिनीपेक्षा पिवळा भाग उजळ आणि निळा भाग काळसर. चेंडू प्रकाशित छताकडे गेला तर निळा भाग उठून दिसतो. प्रेक्षकांच्या अंधाऱ्या गर्दीपुढे आला तर पिवळा. म्हणजे मागे काहीही असो, चेंडूचा एक तरी भाग नजरेत भरतोच. शिवाय एकरंगी चेंडू स्वतःभोवती फिरतो की नाही हे कळत नाही, दुरंगी चेंडूचे फिरणे ओळखता येते. जाळ्याच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या कांड्यांवर तांबडे-पांढरे पट्टे असतात, तेही याच कारणाने.

जाळे मात्र काळे का? त्याचे चौकोन १० सेंटिमीटरचे असतात आणि धागा काळा. काळा धागा आपल्यावर पडलेला प्रकाश परत फेकीत नाही, त्यामुळे त्याच्या पलीकडचे खेळाडू स्वच्छ दिसतात. पांढरा धागा दिव्यांच्या उजेडात चकाकून मध्ये धुके पसरल्यासारखे झाले असते. वरची ७ सेंटिमीटरची पट्टी मात्र पांढरी ठेवतात, कारण जाळ्याची उंची सर्वांना दिसलीच पाहिजे.

उजेड किती हवा?

जोराची सर्व्हिस सेकंदाला ३० मीटर वेगाने जाते. चित्रवाणीवर सेकंदाला २५ चित्रे दाखवितात असे धरले, तर दोन चित्रांमध्ये चेंडू १.२० मीटर पुढे गेलेला असतो. कॅमेऱ्याची झडप १/५० सेकंद उघडी राहिली तर तेवढ्यात तो ६० सेंटिमीटर सरकतो. चेंडूचा व्यास केवळ २१ सेंटिमीटर, म्हणून चित्रात चेंडूऐवजी एक लांबट फराटा उमटतो. झडप १/५०० सेकंद ठेवली तर सरकणे ६ सेंटिमीटरवर येते आणि चेंडू चेंडूसारखा दिसतो. परंतु आत येणारा प्रकाशही दसपटीने घटतो. त्याची भरपाई दिव्यांनी करावी लागते. वर्गात वाचण्यासाठी सुमारे ३०० लक्स उजेड पुरतो. व्हॉलीबॉलच्या नियमांत आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी कित्येक वर्षे १००० ते १५०० लक्सची अट होती.

नुसता उजेड वाढवूनही भागत नाही. जमीन गुळगुळीत व चकचकीत असेल तर दिव्यांची प्रतिबिंबे तिच्यात पडून त्यांत रेषा बुडून जातात. म्हणून जमिनीला चमक नसलेला रंग देतात. तसेच चेंडू उचलणारा खेळाडू सतत वर पाहत असल्याने जाळ्याच्या नेमके वर दिवे लावणे टाळतात.

आपल्या शाळेच्या सभागृहाचे काय?

आज अनेक शाळांत छत असलेले क्रीडागृह होत आहे. एकाच जमिनीवर व्हॉलीबॉल, बॅडमिंटन, कबड्डी व बास्केटबॉल यांच्या रेषा आखतात आणि हाताशी असेल तो रंग वापरतात. तांबडा व हिरवा यांत फरक न कळणारी मुले, विशेषतः मुलगे, जवळजवळ प्रत्येक मोठ्या शाळेत असतात. कित्येकदा त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसते. हिरव्या जमिनीवर तांबडी रेषा ओढली तर अशा मुलाचा पाय पुन्हा पुन्हा रेषेवर पडतो आणि 'लक्ष नाही' म्हणून तो बोलणी खातो. दोष मुलाचा नसून रंगाचा असतो. रंग निवडण्यास खर्च वाढत नाही, फक्त आधी विचार करावा लागतो. तेव्हा रंगकाम सुरू होण्यापूर्वी खालील प्रयोग करा आणि निष्कर्ष आपल्या क्रीडाशिक्षकांना दाखवा.

करून पाहा

१. जमिनीसाठी व रेषांसाठी सुचविलेल्या रंगांचे पुठ्ठे रंगवा. जमिनीच्या पुठ्ठ्यावर रेषेची ५ सेंटिमीटर रुंद पट्टी चिकटवा. सभागृहातील सर्वांत मागच्या जागेवरून त्याचे कृष्णधवल छायाचित्र घ्या. रेषा करड्या रंगात मिसळून गेली तर ती जोडी सोडून द्या.

२. पुठ्ठा जमिनीवर ठेवून १५ मीटरवरून आधी बसून, मग टेबलावर उभे राहून पाहा. दोन्ही वेळी डोळ्यांची उंची मोजा आणि रेषेची दिसणारी रुंदी गणिताने काढा.

३. वर दिलेल्या रीतीने आपल्या शाळेच्या मैदानासाठी दहा रांगांच्या पायऱ्यांची उंची काढा व तिचा आलेख काढा. रांगांतील अंतर ८० ऐवजी ७० सेंटिमीटर ठेवले तर पायऱ्यांत काय फरक पडतो?