गाण्याची नकल आणि मापातले पाप

आमचा कापडाचा व्यापारी शेजारच्या गोदामातून रात्री गठ्ठा उचलून आणत नाही. तसे करणाऱ्याला तो चोर म्हणतो आणि त्याच्याशी व्यवहार ठेवत नाही. पण मोबाईलच्या दुकानातले एक दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. गिऱ्हाईक मेमरी कार्ड काउंटरवर ठेवून म्हणते, "भाईजान, जरा कव्वाल्या आणि जुनी गाणी भरून द्या." दुकानदार कॉम्प्युटरवरून दोन-चारशे गाणी त्या कार्डात उतरवतो, पन्नास रुपये घेतो आणि गल्ल्यात टाकतो. गाणारा, लिहिणारा, चाल बांधणारा यांना त्यातला एक पैसाही जात नाही. मग या पन्नास रुपयांना काय म्हणायचे? मजुरी, नफा की आणखी काही? आजच्या पाठात याच प्रश्नाचा विचार करू.

एक खुलासा सुरुवातीलाच केलेला बरा. संगीत ऐकावे की नाही, कोणते ऐकावे, हा उलमांच्या चर्चेचा विषय आहे. तो आम्ही येथे घेत नाही. आमचा प्रश्न व्यवहाराचा आहे. नात असो, बयान असो, कव्वाली असो की सिनेमातले गाणे असो, ते कोणाच्या तरी मेहनतीने आणि खर्चाने तयार झाले आहे. ज्याला एखादी वस्तू विकणेच योग्य वाटत नाही, त्याने ती विकू नये. परंतु विकायची असेल, तर ती दुसऱ्याच्या हक्काची विकू नये.

कॅसेटचे दिवस

हा धंदा मोबाईलबरोबर आलेला नाही. पूर्वी गाणे विकत घ्यायचे म्हणजे तबकडी घ्यायची. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यातून निघणारी 'एचएमव्ही'ची तबकडी हौशी आणि ऐपत असणाऱ्यांच्या घरीच दिसे. तबकडी घरी बसून कोणाला बनवता येत नव्हती, म्हणून तिची नकलही सहज होत नव्हती. १९६३ साली फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट बाजारात आणली आणि हे सारे बदलले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आखाती देशांत नोकरीला गेलेली आमची मुले सुट्टीवर येताना टू-इन-वन घेऊन येऊ लागली. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांत पहिला टेपरेकॉर्डर असाच आला.

कॅसेटने दोन कामे केली. एक चांगले झाले. जिल्ह्याच्या गावातला कव्वाल, शाहीर, नातख्वान, ज्याला मोठ्या कंपनीच्या दारात कोणी उभे केले नसते, त्याचाही आवाज थोड्या भांडवलात बाजारात आला. दुसरे वाईट झाले. दोन टेपरेकॉर्डर आणि कोऱ्या कॅसेटची एक पेटी असली की कोणीही नकलांचा कारखाना उघडू शकत होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या कॅसेटींत नकली मालच अधिक होता. मोठ्या कंपन्यांचाही यात दोष होता. त्यांचा माल महाग होता आणि खेड्यातल्या दुकानापर्यंत वेळेवर पोहोचत नव्हता. रिकामी राहिलेली जागा नकलवाल्याने भरली. पुढे एमपीथ्री आली. कॅसेटमध्ये दहा-बारा गाणी मावत, एका सीडीत शंभरावर मावू लागली. त्यानंतर पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि इंटरनेट. साधन बदलत गेले, व्यवहार तोच राहिला.

तोटा कोणाचा? एक हिशेब

"मी नकल केली तरी गायकाच्या घरातून काहीच गेले नाही," असे सांगणारे भेटतात. व्यापाऱ्याला तोंडी उत्तरापेक्षा हिशेब लवकर पटतो. म्हणून कॅसेटच्या काळातले एक कल्पित उदाहरण मांडतो.

समजा, एका कव्वालाने स्टुडिओचे भाडे, तबलजी, हार्मोनियमवाला, कोरस आणि शायर यांवर ४०,००० रुपये खर्च केले. पुढे प्रत्येक कॅसेट तयार करायला १५ रुपये लागतात आणि ठोक भावाने ती ३५ रुपयांना जाते. म्हणजे कॅसेटमागे २० रुपये सुटतात. मूळ खर्च भरून निघायलाच २,००० कॅसेटी विकाव्या लागतात. त्याच्या पोटाला जे मिळेल, ते २,००१ व्या कॅसेटीपासून.

आता नकलवाला पाहा. त्याला स्टुडिओ नाही, साजिंदे नाहीत, शायर नाही. हलकी टेप वापरून तो १२ रुपयांत कॅसेट काढतो, २० ला विकतो आणि पहिल्याच कॅसेटीवर ८ रुपये कमावतो. शिवाय कोणती कॅसेट चालते हे बघूनच तो नकल काढतो, त्यामुळे त्याला जोखीमही नाही.

या कव्वालाला ३,००० गिऱ्हाइके मिळण्यासारखी होती असे धरा. सर्वांनी अस्सल कॅसेट घेतली, तर त्याला २०,००० रुपये उरतात. त्यांतल्या १,५०० जणांनी नकली घेतली, तर त्याला १०,००० रुपये तोटा होतो आणि नकलवाल्याला १२,००० रुपये नफा. कोणी म्हणेल, स्वस्त कॅसेट घेणारा प्रत्येक जण महाग कॅसेट घेतलाच असता असे नाही. हे म्हणणे खरे आहे. तेव्हा त्या १,५०० पैकी निम्म्यांनीच अस्सल घेतली असती असे माना. तरीही कव्वालाला ५,००० रुपये उरले असते. फरक एवढाच, की तो कर्जात गेला नसता आणि पुढची कॅसेट काढू शकला असता.

या हिशेबातून एक गोष्ट ध्यानात येते. मोठी कंपनी एका गाण्याचा तोटा दहा दुसऱ्या गाण्यांत भरून काढते. लहान कलावंताकडे दुसरी दहा गाणी नसतात. "कंपन्या श्रीमंत आहेत" म्हणून केलेली नकल प्रथम गरिबाच्याच पाठीवर पडते.

"कंपनी तरी कलावंताला कुठे देते?"

हा आक्षेप मात्र खोटा नाही. चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या संगीताचा पहिला मालक सर्वसाधारणपणे निर्माता असतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. गायकाला तर त्या वेळच्या कायद्यात काहीच हक्क नव्हता. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी या उणिवेकडे संसदेचे लक्ष वेधले होते. साठच्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात याच प्रश्नावरून दुरावा आला. लतादीदींचे म्हणणे होते की गायकाला रॉयल्टी मिळावी. रफीसाहेबांचे मत होते की एकदा ठरलेली उजरत घेतली की आपला हक्क संपला. बराच काळ दोघे एकत्र गायले नाहीत.

पुढे कायदा बदलला. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क मान्य केला. २०१२ च्या दुरुस्तीने ठरवले की गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला कायमचा लिहून घेता येणार नाही. व्यापारी वापरात गायकालाही वाटा मिळावा. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत केलेले प्रयत्न सर्वांना माहीत आहेत.

आता विचार करा. हा वाटा मोजायचा कशावरून? विक्री आणि वापराच्या नोंदींवरून. चोरीची प्रत कोणाच्याच वहीत नोंदली जात नाही. कंपनीने कलावंताला कमी दिले तर तो हिशेब मागू शकतो, कोर्टात जाऊ शकतो. नकलवाल्याकडे तो कोणता हिशेब मागणार? मालक नोकराला पगार कमी देतो म्हणून आपण मालकाचे दुकान फोडले, तर नोकराचा पगार वाढत नाही. उरलासुरला पगारही जातो.

कारागिराच्या नजरेतून

आमच्या कारागीर बांधवांना ही गोष्ट दुकानदारापेक्षा लवकर समजेल. मिरजेचे शिकलगार बांधव मूळचे हत्यारे घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. पुढे तो धंदा बसला, तेव्हा ते वाद्ये बनवण्याकडे वळले. सोलापूर जिल्ह्यातला भोपळा आणून, तो सुकवून, त्यावर लाकूडकाम, नक्षी आणि जवारी करून त्यांनी मिरजेच्या तंबोऱ्याचे नाव देशभर केले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आता कोणी दुसऱ्या शहरात यंत्रावर वाद्य बनवून त्यावर 'मिरज' असा शिक्का मारला, तर आपण काय म्हणू? त्याने आपला भोपळा नेलेला नाही, लाकूडही नेलेले नाही. त्याने नेले ते पिढ्यांचे नाव आणि कसब. गाण्याची नकल करणाराही हेच नेतो. तंबोरा घडवणाऱ्याचे कसब ज्याला माल वाटतो, त्याने तंबोऱ्यावर गाणाऱ्याचे कसब फुकट समजू नये.

या प्रश्नावर पूर्वी काही उलमांचे मत वेगळे होते. हातात धरता येत नाही त्या गोष्टीची मालकी कशी, असे ते विचारत. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या पाचव्या अधिवेशनात यावर निर्णय दिला. व्यापारी नाव, व्यापारचिन्ह, लेखन आणि शोध यांवरचे हक्क आज आर्थिक मोल असलेले हक्क झाले आहेत. शरीयतीत ते मान्य आहेत आणि त्यांचे उल्लंघन जायज नाही, असा त्याचा आशय आहे. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण लहानपणापासून ऐकणाऱ्या समाजाला हे नवे वाटू नये.

कायदा थोडक्यात

१. विक्रीसाठी नकल करणे हा कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यातल्या नफ्यासाठी नकल नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. दुकानदाराला ही सवलत मिळत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे स्पष्ट केले.

२. "जुने गाणे आहे, सर्वांचे झाले" ही समजूत बहुधा चुकीची ठरते. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे राहतो. गीत आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे राहतो.

३. दुसऱ्याचे गाणे नव्या आवाजात काढायचे असेल, तर मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षे झालेली असावी लागतात. आगाऊ सूचना आणि रॉयल्टी द्यावी लागते.

४. स्वतःच्या ऐकण्यासाठी केलेला रास्त वापर आणि गिऱ्हाइकाला पैसे घेऊन दिलेली नकल या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुकानदाराने काय करावे?

कार्ड भरून देण्याचे काम बंद करावे. गिऱ्हाईक तुटेल ही भीती आम्हाला कळते. त्याऐवजी कायदेशीर गाण्यांचे अ‍ॅप मोबाईलमध्ये बसवून देणे, ते वापरायला शिकवणे, दुरुस्ती करणे, याची उजरत घ्यावी. ती आपल्या स्वतःच्या मेहनतीची उजरत आहे. सीडी किंवा कॅसेट विकत असाल, तर वेष्टनावर निर्मात्याचे व हक्कदाराचे नाव-पत्ता आणि प्रकाशनाचे वर्ष आहे का ते पाहावे. कलम ५२अ नुसार ते आवश्यक आहे. घाऊक व्यापाऱ्याकडून पक्के बिल घ्यावे. जो बिल देत नाही, त्याचा माल कितीही स्वस्त असो, परत करावा.

दुकानाची जाहिरात मोबाईलवर टाकताना मागे आवडते गाणे लावण्याची पद्धत पडली आहे. लोकांना हौसेसाठी मिळालेली मुभा धंद्याच्या जाहिरातीलाही चालते, असे गृहीत धरू नये. त्यापेक्षा गावातल्या होतकरू मुलाकडून दोन ओळी लिहून, गाऊन घ्याव्यात आणि त्याला ठरलेले पैसे द्यावेत. त्याचे चार पैसे होतील आणि जाहिरात आपल्या हक्काची राहील. एखाद्या नातख्वानाची किंवा कव्वालाची चित्रफीत आपल्या नावाने चढवून कमाई करणारे तरुणही आमच्यात आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना जवळ बसवून हे समजवावे.

कमी वजन देणाऱ्याला आपण मापात पाप करणारा म्हणतो. तो गिऱ्हाइकाच्या पिशवीतले छटाकभर धान्य ठेवून घेतो. गाण्याची नकल विकणारा गिऱ्हाइकाला पुरते माप देतो. ठेवून घेतो तो समोर नसलेल्या माणसाचा हिस्सा. तो माणूस दुकानात येऊन भांडत नाही, म्हणून त्याचा हक्क संपत नाही. रात्री गल्ला मोजताना आमच्या बांधवांनी स्वतःला एवढेच विचारावे: यातले कोणाचे किती, हे मला सांगता येईल काय?