आमच्या हातचं चालत नाही का?

गारगोटी
जानेवारीचा दुसरा आठवडा

चि. भाचीबाईस,


तुझं पत्र मामीनं दोनदा वाचून दाखवलं. नाताळनंतर शिकवणीतली चार पोरं यायची बंद झाली आणि जिन्यात कुणीतरी ‘पोरांना बाटवतेय’ म्हणालं. तू लिहितेस, अभ्यासाआधी दोन मिनिटं डोळे मिटायला सांगते एवढंच, मनात काही नव्हतं. नव्हतंच, मला ठाऊक आहे. पण बाळ, मन जिन्यातून दिसत नाही. दिसतात ती डोळे मिटून बसलेली आपली पोरं.

माझं ऐक. नोकरीला लागलो तेव्हा इथंच एका आळीत भाड्यानं राहायचो. पहिल्याच गणपतीत शेजारच्या काकू मोदकांची ताटली घेऊन दारात आल्या. मूर्तीपुढचं खायचं नाही, हे घरी शिकलेलं. मी “नको” म्हणालो आणि दार लावून घेतलं. वर स्वतःवरच खूश, की परीक्षेत उतरलो! काकू वर्षभर बोलल्या नाहीत. पुढं मामी लग्न होऊन आली, तिनं नळावर सरळ विचारलं. काकू म्हणाल्या, “आमच्या हातचं चालत नाही का तुम्हाला?”

मी देवाला नाही म्हटलं होतं, त्यांनी ऐकलं ते हाताला. हातचं न घेणं म्हणजे आपल्याकडं काय, हे आपल्या घराला दुसऱ्यानं सांगायला नको. तुझ्या पणजोबांच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे. त्यांच्याच नातवानं तोच घाव दुसऱ्याला घातला, तोही धर्म पाळतोय अशा समजुतीनं. बायबलात पौलानं करिंथकरांना लिहिताना मूर्तीपुढच्या अन्नाचा विचार समोरच्याच्या मनाच्या अंगानं केलाय, हे मी नंतर नीट वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

खाण्यापिण्यात इथं फार अर्थ भरलेला असतो. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, लोकमान्य टिळक वगैरे मंडळींपुढं चहा आला, आणि त्या चहाचं प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. यजमानांच्या लेखी तो पाहुणचार, गावाच्या लेखी बाटणं.

पण तुझ्या प्रकरणाला जवळची गोष्ट ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंची. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. विधवा मुलींना शिकवायचं, धर्म शिकवायचा नाही, असं आधीच ठरलेलं. मुलींचा स्वयंपाक, सोवळंओवळं त्यांच्या रीतीनं चाले. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, मात्र दार लावत नसत. स्वतःच्या घरात दार का लावायचं? पण मुली येऊन बसू लागल्या. बाहेर बोभाटा झाला, ‘केसरी’नं झोडपलं, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई खोटं वागल्या असं मला वाटत नाही. पण ज्या बापानं विधवा लेक विश्वासानं धाडली, त्याचं काळीज धडधडलं तर त्यालाही खोटा कसा म्हणू?

गंमत म्हणजे इंग्लंडातल्या वॉन्टेजच्या ज्या सिस्टरांकडं त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांना रमाबाईंचं शाकाहारी राहणं म्हणजे उरलेला जातीचा ताठा वाटायचा. म्हणजे पुण्याला त्या परक्या, आणि तिकडं पुऱ्या ख्रिस्ती नाहीत!

तू मौनी विद्यापीठात शिकलीस. नाव पाटगावच्या मौनी महाराजांचं, पण तिथं शिकून मौनीपंथी झालीस का, असं कुणी विचारलं नाही. मिशन म्हटलं की विचारतात. हा अन्याय आहेच. पण आपल्यामागं साहेबाचं राज्य, मिशनचा पगार आणि दुष्काळातली भाकरी लोकांनी एकत्र पाहिलीय. ती आठवण तुझ्या चांगुलपणानं एका नाताळात पुसायची नाही. “आधीचे कोण तुम्ही?” हा प्रश्न मला सत्तरीतही येतो. मी आता चिडत नाही, सांगून टाकतो.

तेव्हा रुसून शिकवणी बंद करू नकोस, आणि भिंतीवरचा क्रूसही काढू नकोस. लपवलंस तर संशय खरा ठरेल. प्रार्थना पोरं यायच्या आधी उरकून घे. त्या चार घरी स्वतः जा, आयांपुढं बस, चहा दिला तर पी. “मी डोळे मिटायला लावत होते, तुम्हाला विचारायला हवं होतं,” एवढंच म्हण. ‘माझ्या मनात नव्हतं’ हे आधी बोलू नकोस, त्यानं माणूस ऐकायचं थांबतं. आणि वह्या वाटशील त्या दिवशी पत्रकं वाटू नकोस, कधीच नको. चारांतली दोन परत येतील, कदाचित एकही नाही.

काकू आता थकल्यात. तरी दर गणपतीला नैवेद्य दाखवण्याआधीच आमचे मोदक डब्यात बाजूला काढून ठेवतात. देवाआधी माणसाचं काढायचं, हे त्यांच्या घरच्या शिस्तीत बसत नाही, सुनेनं टोकलं तर म्हणतात, “त्यांचं तसं असतंय.” यंदा नाताळच्या करंज्या घालून तो डबा परत केला. झाकण मात्र इथंच राहिलंय, मामी उद्या नेऊन देणार आहे.

तुझा,
मामा