वॉर्डात संहिता नसते

अगं, "इथे रात्रीची झोप नाही आणि डॉक्टरांना नाटकातले खेळ कसले खेळायला लावताय" म्हणून काल फोनवर केवढी फणफणलीस! तरी मी म्हणते, जा त्या कार्यशाळेला.

मुळात हे खेळ रंगमंचासाठी निघालेच नव्हते. शिकागोच्या स्थलांतरितांच्या वस्तीत हल हाऊस नावाची संस्था होती. तिथे नेव्हा बॉइड मुलांना खेळांतून माणसांत वावरायला शिकवायच्या. त्यांची शिष्या व्हायोला स्पोलिन. तिने पुढे वेगवेगळ्या भाषांच्या घरांतली पोरं एकत्र नाटक करू शकतील असे उत्स्फूर्त खेळ रचले. तिचा मुलगा पॉल सिल्स १९५९ मध्ये सेकंड सिटी ही उत्स्फूर्त विनोदाची नाटकमंडळी काढणाऱ्यांपैकी एक. तिथे या खेळांना तिकीट लागलं, एवढंच! आणि त्याच शहरात, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात, केटी वॉटसन यांनी विद्यार्थ्यांना इम्प्रोव्ह, म्हणजे हेच उत्स्फूर्त नाट्य, शिकवायला घेतलं. बाई वकील, वैद्यकीय नीतिशास्त्र शिकवणाऱ्या. त्यांना काही नट घडवायचे नव्हते.

एक खेळ सांगते. समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द घेऊन आपलं वाक्य सुरू करायचं. सोपा वाटतो ना? करून बघ. आपण समोरच्याच्या अर्ध्या वाक्यातच स्वतःचं उत्तर जुळवायला लागतो, ते लगेच उघडं पडतं. आता तुझ्या ओपीडीत ये. मधुमेहाची आजी म्हणते, "गोळ्या घेते की वेळेवर, पण पोरगा शिफ्टवरून येईस्तोवर मी उपाशी." घाईतला डॉक्टर 'गोळ्या घेते' एवढंच ऐकतो आणि केसपेपरावर खरडतो. शेवटचा शब्द धरणारी विचारते, "उपाशी? किती वाजेपर्यंत? रात्री घाम फुटतो का, हातपाय थरथरतात का?" साखर का उतरते ते त्या एका शब्दात होतं गं.

खेळासोबत एक नियमही असतो, 'हो, आणि'चा. समोरच्यानं दिलेलं नाकारायचं नाही, त्यात भर घालायची. इथे मात्र जपून. एखादी आई म्हणाली, लेकराला दृष्ट लागलीय, तर तू दृष्टीला हो म्हणायचं नाहीस, तिच्या धास्तीला म्हणायचंस. "फार घाबरलात ना? ताप कधीपासून आहे?" असं विचारलंस की बाई बोलती होते. "असलं काही नसतं हो" म्हणालीस, की पुढची हिस्टरी विसर.

आणि उत्स्फूर्त म्हणजे तोंडाला येईल ते नव्हे. आपला दशावतार आठव. लिहिलेली संहिता नसते, संवाद जागच्या जागी होतात. पण कलावंताला आख्यान आणि पुराणं तोंडपाठ असतात, म्हणून ते जमतं. तेव्हा मेडिसिनचं पुस्तक बाजूला ठेवायची सबब म्हणून हे वापरू नकोस.

कार्यशाळेत विनोद करायच्या फंदात पडू नकोस. शिकवणारा नुसता हशा गोळा करत असेल, तर खुशाल उठून ये. पण खेळानंतर चर्चा ठेवलेली असेल, तर चहाच्या नावाखाली सटकू नकोस. खेळात जे झालं ते वॉर्डात कुठे होतं, हे तिथेच उलगडतं. आणि हो, साडी नेसू नकोस, जमिनीवर बसवतात.