वॉटर फिल्टर विकताय? आधी 'मायक्रॉन' समजून घ्या

पावसाळा तोंडावर आला की भांड्यांच्या दुकानांतून वॉटर फिल्टरची मागणी वाढते. भांडवल बेताचे लागते, माल नासत नाही, म्हणून अनेक तरुण या धंद्याकडे वळतात. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, "याने जंतू मरतात ना?" दुकानदार बेधडक "हो" म्हणतो. वास्तविक साधा फिल्टर जंतू मारत नाही, तो त्यांना अडवतो. अडवतो की नाही, हे त्याच्या छिद्रांच्या मापावर ठरते. हे माप मायक्रॉनमध्ये सांगतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कॉलरा, टायफॉइड यांचे जिवाणू साधारण अर्धा ते एक मायक्रॉन जाड आणि दोन-चार मायक्रॉन लांब असतात.

आता नळाला लावायचे धाग्याचे काडतूस पाहा. ते बहुधा ५ मायक्रॉनचे असते. त्यातून गाळ अडतो, पाणी काचेसारखे दिसते, पण जिवाणू खुशाल पार होतात. कापडाच्या गाळणीचे तर बोलायलाच नको. जिवाणू खात्रीने अडवायचे तर छिद्र ०.२ मायक्रॉनच्या आसपास हवे. माल घेताना आणखी एक शब्द तपासा. 'नॉमिनल' लिहिले असेल तर त्या मापाचे काही कण निसटतात. 'ॲब्सोल्यूट' माप असेल तर जवळजवळ सगळे अडतात. घाऊक व्यापाऱ्याला हा फरक सांगता येत नसेल, तर त्याच्याकडून कंपनीचे माहितीपत्रक मागून घ्यावे.

ही विद्या जुनी आहे. पॅरिसमध्ये पाश्चरचे सहकारी शांबरलाँ यांनी १८८४ साली चिनी मातीची जंतूरोधक कँडल काढली. १८९२ साली जर्मनीतील हँबुर्ग शहर एल्बे नदीचे पाणी न गाळता पीत होते. तेथे कॉलऱ्याने ८ हजारांहून अधिक माणसे गेली. शेजारचे आल्टोना त्याच नदीचे, तेही हँबुर्गच्या खालच्या अंगाचे पाणी पीत होते, पण वाळूतून सावकाश गाळून. ते बव्हंशी बचावले. वाळूची छिद्रे काही जिवाणूंएवढी बारीक नसतात. तिच्यावर जमणारा बुळबुळीत थर जंतू धरून ठेवतो.

धंद्यात खरी गोम मात्र जोडणीत आहे. उत्तम कँडल बसवली आणि खालचा वायसर नीट दबला नाही, तर वरचे पाणी कडेने थेट खालच्या टाकीत उतरते. केसाएवढी चीर पडली तरी तेच. केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे जिवाणूंना तो हमरस्ताच! म्हणून दुकानात एक चाचणी ठेवा. कँडल पाण्यात चांगली भिजवा, मग पाण्याखाली धरून तिच्या नळीतून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा सोडा. एका जागेवरून बुडबुड्यांची धार लागली तर ती कँडल परत करा. यात मोठी चीर सापडते, बारीक दोष सापडत नाही, हेही ध्यानात असू द्या.

पाणी फारच भराभर उतरू लागले तर गिऱ्हाईक खूश होते. तुम्ही मात्र सावध व्हा. बहुतेक वेळा ते गळतीचे लक्षण असते.

काविळीचा एक विषाणू (हिपॅटायटिस ए) सुमारे ०.०३ मायक्रॉनचा असतो. कँडलमधून तो जाऊ शकतो. तेव्हा गावात काविळीची साथ असेल तर पाणी गाळून शिवाय उकळा, असे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. एखादी विक्री हुकेल, हुको. घरात तान्हे मूल असेल तर हे सांगणे टाळूच नये.

अडवलेले जंतू कँडलवरच राहतात आणि वाढतात. काही कंपन्या त्यासाठी आत चांदीचा अंश घालतात. तरीही कँडल मऊ ब्रशने, साबण न लावता, वाहत्या पाण्यात घासावी लागते. घासून घासून ती झिजते, मग बदलावी लागते. बिलावर कँडल बसवल्याची तारीख लिहावी आणि जादा वायसर व कँडल दुकानात कायम ठेवाव्यात. या धंद्यात गिऱ्हाईक पुन्हा येते ते त्यासाठीच.