स्वयंपाकघरातला दिवा

शाळेत आम्ही उजेड-सावलीचा धडा कितीतरी वर्षे शिकवला. पण घरात मात्र आमचे डोळे मिटलेले!

एकदा जेवताना दाताखाली खडा आला. दात तुटला. आम्ही घरात रागावलो. सौभाग्यवती म्हणाल्या, "ओट्यापाशी उभं राहून तुम्हीच तांदूळ निवडून दाखवा की!"

आम्ही उभे राहिलो. दिवा खोलीच्या मधोमध, आमच्या पाठीमागे. ताटात आमचीच सावली. खडा दिसणार कसा?

म्हणून मंडळी, दिवा ओट्याच्या वर, कामाच्या जागेवर हवा. साधा बल्ब असो की छतात बसवायचा गोल दिवा, नियम एकच.

बल्ब घेताना खोके वाचा. वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो. ल्युमेन म्हणजे उजेड किती देतो. जुना ६० वॅटचा बल्ब आणि ९ वॅटचा एलईडी, दोघांचा उजेड जवळजवळ सारखाच. रोज ५ तास लावला, तर ३० दिवसांत जुना बल्ब ९ युनिट वीज खातो. एलईडी दीड युनिटसुद्धा खात नाही.

आता तुम्हांला वाचता येते. दुकानात ल्युमेनचा आकडा स्वतः वाचा. आणि आज रात्री घरी पाहा, भाजी चिरताना सावली कुठे पडते?