जमिनीखालची राजधानी

पद्मतीर्थाच्या काठी उभे राहून आजोबांनी आम्हां मुलांना विचारले, "हे गाव कोणते?"

"वाशीम!"

"होय, पण वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच!"

"मग राजवाडा कोठे आहे?" बंडूने विचारले.

"तो काळाच्या उदरात गडप झाला. परंतु १९३९ साली येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला आणि विस्मृतीत गेलेली ही राजशाखा उजेडात आली. याच शाखेतील हरिषेण राजाच्या काळी अजिंठ्याची काही लेणी कोरली गेली. बाळांनो, तो ताम्रपट कोणी मोडीत विकला असता तर?"

आम्ही निरुत्तर झालो.

"म्हणून भुईत काही जुने सापडले, तर आधी गुरुजींना दाखवा," आजोबा म्हणाले.