दवाखाने तीन, वही एकच



गटात आपण हिशेब चांगला शिकलो आहोत. समजा एका ताईचं बँकेचं कर्ज आहे, गटाचं अंतर्गत कर्ज आहे आणि वर एका फायनान्स कंपनीचा हप्ताही आहे. बँकेच्या वहीत तिचं खातं नियमित दिसतं, गटाच्या वहीतही दिसतं. पण महिन्याला एकूण किती पैसे जातात आणि ते तिला झेपतात का, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं. ते तिन्ही आकडे जोडले तरच कळतं.

आजारपणाचंही असंच आहे. आपण एकाच दवाखान्यात कुठे जातो? मग आपल्याला मिळणारे उपचार चांगले आहेत की नाहीत, हे मोजायचं कसं? बीपी आणि शुगरचं उदाहरण घेऊन या पाठात ते शिकू.

जो तो आपापलं बघतो

समजा, पंचावन्न वर्षांची एक ताई आहे. तिला बीपी आणि शुगर दोन्ही आहे. गावच्या उपकेंद्रातून तिला दोन्हीच्या गोळ्या फुकट मिळतात. गुडघे दुखतात म्हणून ती तालुक्याच्या खाजगी डॉक्टरांकडे जाते. त्यांनी बीपी तपासलं, वाढलेलं दिसलं, म्हणून त्यांनीही एक गोळी लिहून दिली. शिवाय बाजारच्या दिवशी वैद्यांकडून शुगरसाठी चूर्ण आणते.

तिघांनीही आपापलं काम केलं. तरी तीन गोष्टी बिघडू शकतात.

पहिली, एकच औषध दोनदा पोटात जातं. पाकिटावर कंपनीने ठेवलेलं नाव वेगळं असतं, आतलं औषध मात्र एकच असतं. उदाहरणार्थ, अ‍ॅम्लोडिपिन हे बीपीचं औषध कितीतरी नावांनी विकलं जातं. मूळ नाव पाकिटावर छापलेलं असतं, ते बघायचं.

दुसरी, एकाचं औषध दुसऱ्याच्या औषधाला नडतं. डायक्लोफेनॅक, आयब्रुफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढू शकतं आणि किडनीवर ताण येतो. मग उपकेंद्रात वाटतं की बीपीची गोळी कमी पडते.

तिसरी, काही तपासण्या राहूनच जातात. शुगर असलेल्या बाईचे डोळे, पाय आणि किडनी वर्षातून एकदा तरी तपासायला हव्यात. उपकेंद्राला वाटतं, तालुक्याला झालं असेल. तालुक्याला वाटतं, गावात झालं असेल. आणि कुठेच होत नाही.

बीपी आणि शुगर आतून नुकसान करतात, दुखत नाहीत. म्हणून हे अर्धांगवायूचा झटका आला किंवा किडनी बिघडली की मगच कळतं. तोवर घर कर्जात जातं.

सरकारी रजिस्टरमध्ये आपण कशा दिसतो?

आपल्या देशात २०१७ साली उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक मोठा उपक्रम सुरू झाला. सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपल्या राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. त्यात कामाचं माप सोपं ठेवलं आहे: नोंद झालेल्या रुग्णांपैकी किती जणांचं बीपी आटोक्यात आहे, किती जणांचं नाही आणि किती जण आलेच नाहीत. किती गोळ्या वाटल्या, यापेक्षा हे माप कितीतरी चांगलं.

पण दोन ठिकाणी जाणारी बाई या मापात नीट बसत नाही. ती खाजगीतून औषध घेत असेल आणि बीपी अगदी आटोक्यात असेल, तरी रजिस्टरमध्ये ती ‘आली नाही’ अशीच दिसते. म्हणून आशाताई घरी विचारायला आल्या तर रागावू नका. कुठून औषध घेता आणि शेवटचं बीपी किती होतं, ते त्यांना सांगा.

उलटही होतं. नातवाला पाठवून दर महिन्याला गोळ्या आणल्या जातात, पण बीपी महिनोन्‌महिने मोजलेलंच नसतं.

थोडक्यात, एका दवाखान्याच्या कागदावरून आपले उपचार कसे आहेत ते कळत नाही. सगळ्या दवाखान्यांत जाणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे आपण स्वतः. जोडही आपल्यालाच लावावी लागते.

पाच प्रश्न, पाच गुण

‘हो’ असेल तर एक गुण. काम कुठल्या दवाखान्यात झालं, याला महत्त्व नाही. झालं का, एवढंच बघायचं. शुगर नसेल तर दुसरा आणि तिसरा प्रश्न सोडा.

१. गेल्या तीन महिन्यांत माझं बीपी मोजलं आणि ते १४०/९० पेक्षा कमी होतं का? (डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला असेल तर तो धरा.)

२. गेल्या सहा महिन्यांत माझी तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, तपासली का आणि ती किती आली हे मला माहीत आहे का?

३. गेल्या वर्षभरात डोळ्यांचा पडदा, पाय आणि किडनी, तिन्हींची तपासणी झाली का?

४. मी जिथे जिथे जाते, तिथे माझी सगळी औषधं दाखवली का? काढा, चूर्ण आणि दुकानातून आणलेली दुखण्याची गोळीसुद्धा यात आली.

५. गेल्या महिन्यात एकही दिवस गोळी चुकली नाही, असं झालं का?

गुण कमी आले म्हणजे ताई चुकली असं समजू नका. कुणाला काय विचारायचं, ते या गुणांवरून कळतं. तिसऱ्याला ‘नाही’ असेल तर उपकेंद्रात विचारा, ‘डोळे कुठे तपासून मिळतील?’ पाचव्याला ‘नाही’ असेल तर कारण लिहा: केंद्रात गोळ्या संपल्या होत्या, मजुरी बुडते म्हणून जाता आलं नाही, की घेतल्यावर चक्कर येत होती?

वही कशी ठेवायची?

साधी शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर नाव, आजार, कुठल्या औषधाचा त्रास होतो ते आणि चालू औषधांची मूळ नावं लिहा. पुढच्या पानांवर पाच रकाने आखा: तारीख, दवाखाना, बीपी, शुगर, औषधात काय बदल झाला. रिपोर्ट त्याच पिशवीत ठेवा. लिहिता येत नसेल तर मुलीला किंवा गटाच्या सचिवाला सांगा. तेही जमलं नाही तर सगळी पाकिटं पिशवीत भरून सोबत न्या.

आभा कार्डचा १४ अंकी नंबर याच कामासाठी आहे. पण दवाखाना त्याला जोडलेला असेल आणि आपली संमती असेल तरच कागद एकत्र दिसतात. सगळे दवाखाने जोडले जाईपर्यंत वही सोडू नका.

बीपी मोजताना पाच मिनिटं टेकून शांत बसा. त्याआधी अर्धा तास चहा आणि मिश्री नको. पट्टा ब्लाउजच्या बाहीवर न बांधता उघड्या दंडावर बांधायला सांगा.

एक सावधगिरी: वही लिहिताना एकच औषध दोनदा चालू असल्याचं दिसलं, तर मनाने कुठलीही गोळी बंद करू नका. दोन्ही पाकिटं घेऊन लगेच डॉक्टरांकडे किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा.

या महिन्याचं काम

ग्रामसंघाच्या बैठकीत बीपी किंवा शुगर असलेल्या तायांनी आपल्या ‘हो-नाही’ची चिठ्ठी नाव न घालता डब्यात टाकायची. कुणाचा आजार कुणी मोठ्याने वाचायचा नाही. चिठ्ठी टाकायची की नाही, ही ज्या त्या ताईची मर्जी.

मग प्रत्येक प्रश्नाचे ‘नाही’ मोजा. समजा वीस चिठ्ठ्यांपैकी चौदा जणींनी तिसऱ्याला ‘नाही’ लिहिलं, तर ती एकटीची अडचण उरत नाही. तो आकडा ठरावात लिहा आणि उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीपुढे किंवा गावच्या ग्राम आरोग्य समितीपुढे ठेवा: डोळे तपासणीचा एक दिवस द्या, गोळ्यांचा साठा वेळेवर मागवा. सहा महिन्यांनी पुन्हा चिठ्ठ्या टाका आणि आकडा हलला का ते बघा.